खटका का पडतो, हे विचारायला हवं

रमजानचा दुसरा आठवडा होता. नेरळजवळ राहणाऱ्या माझ्या खालाकडे इफ्तारला आम्ही बारा-तेरा जण जमलो होतो. मगरिबच्या अजानला दहा मिनिटं उरली असताना स्वयंपाकघरातला पंखा थांबला, मिक्सर थांबला, इंडक्शनवरचं तेल तसंच राहिलं. हॉलमधले दिवे मात्र चालू होते. म्हणजे लाइट गेली नव्हती, दारावरच्या बोर्डातला एक खटका पडला होता. खालूंनी स्टुलावर चढून तो वर केला. पाच मिनिटांत तो पुन्हा पडला. ‘पहिल्या रोजापासून हेच चाललंय,’ खाला वैतागून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ओळखीतला एक इलेक्ट्रिशियन आला. मी तिथेच होते. त्याने बोर्ड उघडला आणि म्हणाला, ‘खालू, सोळाचा आहे ना, म्हणून पडतो. बत्तीसचा टाकून देतो. परत तक्रार येणार नाही.’ पंधरा मिनिटांत काम झालं. त्या संध्याकाळी सगळं एकदम चालू होतं आणि खटका पडला नाही. सगळे खूश झाले. मीही झाले. ‘आधीच बोलवायला हवं होतं याला,’ असं मी म्हटल्याचं मला स्वच्छ आठवतं.

ईद होऊन दोन महिने झाले असतील. एका दुपारी खालाला फ्रिजच्या मागून जळक्या रबरासारखा वास आला. तिने फ्रिज ओढून पाहिलं, तर भिंतीतला सॉकेट काळा पडून वितळला होता आणि वरच्या पट्टीतून धूर येत होता. ती घरी होती म्हणून मेन बंद केला गेला. ती बाजारात गेली असती तर काय झालं असतं, हे सांगायला नको. भिंत फोडली तेव्हा आतल्या वायरीचं प्लास्टिक हाताने चुरत होतं. बत्तीस अँपिअरचा खटका मात्र वरच होता. त्याच्या हिशोबाने काहीच बिघडलेलं नव्हतं.

शिक्षण, तलाक, वक्फ, रोजगार, निवडणुका अशा विषयांवर लिहिणाऱ्या या पानांवर यंदाचं संपादकीय विजेच्या खटक्यावर का, असं काही वाचक विचारतील. उत्तर त्या जळलेल्या सॉकेटमध्ये आहे. तो खटका का पडतो, हा प्रश्न त्या घरात बारा-तेरा माणसांपैकी कुणीही विचारला नाही. तो पडू नये म्हणून काय करायचं, एवढंच सगळ्यांनी विचारलं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांतला फरक जिवावर बेतू शकतो.

विजेच्या उशाशी राहणारी माणसं

आपल्या कर्जत-खालापूर भागाचं विजेशी नातं शंभर वर्षांहून जुनं आहे. खालापूर तालुक्यातल्या खोपोलीचं टाटांचं वीजघर १९१५ साली सुरू झालं. लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांचं पाणी घाटावरून मोठ्या नळांतून खाली आणायचं, त्याच्या जोरावर यंत्रं फिरवायची आणि तयार झालेली वीज मुंबईच्या गिरण्यांना द्यायची, अशी ती योजना. १९२२ साली कर्जत तालुक्यात भिवपुरीचं वीजघर सुरू झालं. त्याला ठोकरवाडीच्या तलावाचं पाणी. ही वीज आमच्या गावांच्या डोक्यावरून गेली. तारांखालच्या घरांत मात्र त्यानंतर कितीतरी वर्षं कंदीलच होते.

घरात वीज आली तेव्हा ती दोन बल्ब, एक पंखा आणि रेडिओ एवढ्यापुरती आली. वायरिंगही तेवढंच झालं. मग फ्रिज आला, टीव्ही आला, मिक्सर आला. आखातातून येणाऱ्या भावाने ओव्हन आणला. गेल्या पंधरा-वीस वर्षांत गिझर, इंडक्शन, वॉशिंग मशीन, इन्व्हर्टर आणि एसी आले. नेरळ, कर्जत, खोपोलीच्या आसपास इमारती उभ्या राहिल्या, फार्महाऊस झाले, जुन्या घरांवर वरचा मजला चढला, मागे भाड्याच्या खोल्या निघाल्या. प्रत्येक वेळी नवीन वस्तूसाठी जुन्याच पॉइंटवरून एक फांदी ओढली गेली. भिंतीच्या आतली वायर मात्र दोन बल्ब आणि एका पंख्याचीच राहिली. खटका पडण्याची गोष्ट बहुतेक घरांत इथून सुरू होते.

एमसीबी काय पाहतो

पूर्वी पांढऱ्या चिनी मातीचे फ्यूज असत. करंट जास्त झाला की त्यातली बारीक तार वितळायची. लोक तिथे जाड तार गुंडाळत, तोही याच रोगाचा प्रकार होता. आता त्या जागी एमसीबी असतो. त्याच्या पोटात दोन पहारेकरी आहेत.

पहिला पहारेकरी म्हणजे दोन वेगळ्या धातूंची चिकटवलेली पट्टी. करंट ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त वाहिला की ती तापते आणि वाकते, कारण दोन धातू सारखे प्रसरण पावत नाहीत. पुरेशी वाकली की खटका सुटतो. याला वेळ लागतो. सोळा अँपिअरचा एमसीबी अठरा अँपिअरवर तासभरही पडणार नाही, पण तेवीस अँपिअरच्या पुढे गेलात तर तासाच्या आत पडलाच पाहिजे, असं त्याचं प्रमाण ठरलेलं आहे. भार जितका जास्त तितका तो लवकर पडतो.

दुसरा पहारेकरी म्हणजे तारेचं वेटोळं. फेज आणि न्यूट्रल थेट एकमेकांना चिकटले, म्हणजे शॉर्ट सर्किट झालं, तर करंट एका झटक्यात शेकडो अँपिअरवर जातो. तेव्हा वेटोळ्याचं चुंबक होतं आणि ते डोळ्याचं पातं लवायच्या आत खटका ओढतं.

हे दोघेही राखण करतात ती भिंतीतल्या वायरीची. मिक्सरची किंवा फ्रिजची राखण करणं हे त्यांचं काम नाही. म्हणून एमसीबी किती अँपिअरचा असावा, हे घरात किती वस्तू आहेत यावरून ठरत नाही, वायर किती जाड आहे यावरून ठरतं. दिव्या-पंख्यांच्या दीड चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीवर सहा किंवा दहा अँपिअरचा खटका. मोठ्या सॉकेटच्या अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीवर सोळा, फार तर वीसचा. गिझर आणि एसीसाठी बोर्डापासून स्वतंत्र, शक्यतो चार चौरस मिलिमीटरची वायर.

आता खालाच्या इफ्तारीचा हिशोब मांडू. वस्तूवर लिहिलेले वॅट घ्यायचे आणि २३० ने भागायचे, की अँपिअर मिळतात. इंडक्शन २००० वॅट, पाण्याची किटली १५००, मायक्रोवेव्ह १२००, मिक्सर ७५०, फ्रिज २००. बेरीज ५६५० वॅट, म्हणजे साधारण साडेचोवीस अँपिअर. हे सगळं एका सोळाच्या खटक्यावर आणि भिंतीत दीड चौरस मिलिमीटरची जुनी वायर, जी जेमतेम पंधरा अँपिअर सोसेल. खटका रोज पडत होता, कारण तो रोज खरं बोलत होता.

बत्तीसचा लावल्यावर साडेचोवीस अँपिअर त्याला भारी वाटेनात. वायरीला मात्र ते भारीच होते. करंट दुप्पट झाला की वायरीतली उष्णता चौपट होते. ती उष्णता महिनाभर रोज संध्याकाळी भिंतीत मुरत राहिली, वायरीवरचं प्लास्टिक आणि सॉकेटचे जोड खात राहिली. रमजान संपला, भार उतरला, पण कमकुवत झालेला जोड तसाच राहिला आणि एका दुपारी तो पेटला. मोठा खटका लावल्याने घराची ताकद वाढली नाही, फक्त धोक्याची सूचना बंद झाली.

हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर आपण सगळ्यांनी पाहिली आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई आणि आसपासचा मोठा परिसर अंधारात गेला, लोकल जागच्या जागी थांबल्या. पडघा-कळवा भागातल्या मोठ्या वाहिन्या एकामागून एक बंद होत गेल्या, उरलेल्यांवर भार आला आणि त्याही सुटल्या. त्या दिवशी वीज पुन्हा उभी करायला टाटांचे जलविद्युत संचही कामाला लागले. नंतर त्या बिघाडाच्या चौकश्या झाल्या. तेव्हा वाहिन्यांचे खटके काढून टाका, असं कुणी म्हटलं नाही. भार कुठे वाढला, पर्यायी वाहिनी का नव्हती, हेच विचारलं गेलं. शहराच्या बाबतीत जे शहाणपण आपल्याला सुचतं, ते घराच्या बाबतीत का सुचू नये?

आरसीसीबी: पावसाळ्यातला शहाणा शेजारी

धूर निघाल्यानंतर खालूंनी कर्ज काढून घराचं वायरिंग नव्याने करून घेतलं. यावेळी मी परवानाधारक ठेकेदाराचाच आग्रह धरला. त्याने बोर्डात एक रुंद खटकाही बसवला, ज्यावर ‘टी’ अक्षराचं बटण असतं. हा आरसीसीबी. जुने लोक त्यालाच ईएलसीबी म्हणतात.

एमसीबी माणसाला शॉकपासून वाचवत नाही, हे फार थोड्या लोकांना ठाऊक असतं. माणसाच्या शरीरातून पन्नास मिलिअँपिअर करंट गेला तरी हृदय बंद पडू शकतं. सोळा अँपिअर म्हणजे सोळा हजार मिलिअँपिअर. माणूस चिकटून मेला तरी एमसीबीला त्याचा पत्ता लागणार नाही. आरसीसीबी वेगळं काही पाहतो. फेजने जितका करंट घरात गेला तितकाच न्यूट्रलने परत आला का, एवढंच तो सतत मोजतो. मध्ये तीस मिलिअँपिअरच्या आसपास जरी फरक पडला, तर कुठून तरी वीज जमिनीत गळते आहे, कदाचित कुणाच्या तरी अंगातून, असं धरून तो क्षणात खटका पाडतो.

जुलै लागला आणि खालाच्या घरातला हा आरसीसीबी पहाटे पडू लागला. फजरच्या आधी सगळ्या घराची लाइट जायची, अंधारात वजू करावा लागायचा. खालू वैतागले. ‘हे यंत्र काढूनच टाकू या. याच्याआधी कधी असं झालं नव्हतं.’ मी त्यांना एक दिवस मागितला. आम्ही घरातले सगळे खटके पाडले, आरसीसीबी वर केला आणि मग एक-एक खटका चालू करत गेलो. बाथरूमचा चालू करून गिझरचं बटण दाबलं, त्याच क्षणी आरसीसीबी पडला. दुरुस्तीवाल्याने गिझर उघडला तेव्हा आतली तापणारी नळी चिरलेली होती आणि करंट पाण्यात उतरत होता. गिझरच्या प्लगमधली हिरवी वायर कुठेच जोडलेली नव्हती. लोखंडी नळातून जे थोडं जमिनीत जात होतं, तेवढ्यावर त्या खटक्याने ओळखलं होतं.

त्या बाथरूममध्ये खालाची नऊ वर्षांची नात रोज शाळेआधी आंघोळ करायची.

त्यानंतर खालूंनी ते यंत्र काढण्याचा विषय कधी काढला नाही.

आपल्या भागात पावसाळ्यात हे वारंवार होणार. माथेरानच्या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच्या पायथ्याशी, उल्हास आणि पाताळगंगेच्या खोऱ्यांत आपण राहतो. भिंती ओल धरतात, पत्र्याखालच्या वायरी गळतीत भिजतात, गच्चीवरचा मोटारीचा स्विच उघडाच असतो. २०१९ आणि २०२१ च्या जुलैत उल्हासचं पाणी काठच्या वस्त्यांत शिरलं. अशा वेळी खटका पडत असेल तर तो ओलीबद्दल सांगत असतो. सॉकेटपर्यंत पाणी आलेलं घर सुकल्याशिवाय आणि तपासल्याशिवाय मेन चालू करू नये, मग गावातल्या इतरांची लाइट आली असली तरी.

आरसीसीबी कारण नसताना पडतो, अशी तक्रारही असते आणि कधी कधी ती खरी असते. इन्व्हर्टर बसवताना दोन सर्किटांच्या न्यूट्रल एकत्र बांधल्या असतील, तर त्याची बेरीज-वजाबाकी चुकते आणि तो पडतो. त्यातही दोष वायरिंगचाच असतो, मोजणाऱ्याचा नव्हे. उलट बाजूने, तो म्हणजे जादूचं कवचही नाही. एका हातात फेज आणि दुसऱ्या हातात न्यूट्रल धरलेल्या माणसाला तो वाचवू शकत नाही. जास्त भाराकडे तो पाहतही नाही. म्हणून घरात एमसीबी, आरसीसीबी आणि चांगलं अर्थिंग, तिन्ही हवेत.

खटका पडला तर काय करायचं

आधी वेळ पाहा. वर करताच लगेच ठणकन पडला, तर शॉर्ट सर्किट समजा. पाच-दहा मिनिटांनी पडला, तर भार जास्त आहे. ठरावीक वस्तू चालू करताच रुंद खटका पडला, तर त्या वस्तूत गळती आहे. फक्त पावसात पडत असेल, तर ओल शोधा. भार अगदी कमी असताना पडतो आणि बोर्ड हाताला गरम लागतो किंवा जळका वास येतो, तर आतला स्क्रू सैल झालेला असू शकतो. तेव्हा मेन बंद करून माणूस बोलवा, वाट पाहू नका.

खटका एकदा वर करून पाहायला हरकत नाही. त्याआधी त्या भागातली बटणं बंद करा, प्लग काढा, हात कोरडे आणि पायात चप्पल असू द्या. दुसऱ्यांदा पडला तर थांबा. तिसऱ्यांदा जोर करून वर करणं, त्याला काडी किंवा चिकटपट्टी लावून धरून ठेवणं, हा स्वतःच्या घराशी केलेला दगाफटका आहे.

सगळं बंद करूनही खटका वर राहत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. सगळं बंद असताना वर राहतो, मग एकेक वस्तू लावत जा. जिच्यावर पडेल ती वस्तू बाजूला काढा. या शोधाला कुठलंही शिक्षण लागत नाही, अर्धा तास आणि थोडा धीर लागतो. भिंत, बोर्ड किंवा वस्तू उघडायची वेळ आली की मात्र ते काम जाणकाराचं.

भार जास्त असेल तर पहिला उपाय फुकट आहे: मोठ्या वस्तू एका वेळी लावू नका. इंडक्शन चालू असताना किटली बंद. गिझर चालू असताना इस्त्री बंद. एका एक्स्टेन्शनवर दोन तापणाऱ्या वस्तू कधीच नकोत. दुसरा उपाय खर्चाचा आहे, पण खरा आहे: जड वस्तूसाठी बोर्डापासून नवी वायर आणि तिचा स्वतःचा खटका. विजेच्या बिलावर तुमचा मंजूर भार किलोवॅटमध्ये लिहिलेला असतो. तो वापरापेक्षा फार कमी असेल तर महावितरणकडे वाढवून घ्या. एक आणखी गोष्ट. वाहिनीच्या टोकाला असलेल्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज पडतं. तेव्हा पाण्याची मोटार, फ्रिज, एसी जास्त करंट ओढतात आणि खटका पडतो. हा घरातला दोष नाही. १९१२ वर तक्रार नोंदवा, शेजाऱ्यांनाही नोंदवायला सांगा.

आरसीसीबीचं ‘टी’ बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला तर तो जिवंत आहे. नाही पडला तर तो नुसता शोभेचा आहे, लगेच बदला. आणि कुणाला शॉक लागलाच, तर त्याला हात लावू नका. आधी मेन बंद करा. ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून दूर सारा, १०८ ला फोन लावा, श्वास नसेल तर छाती दाबत राहा.

जबाबदारी कुणाची?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२१ या एका वर्षात देशात बारा हजारांहून अधिक माणसं विजेच्या धक्क्याने मेली. दंगलीत किंवा पुरात एवढी माणसं गेली असती तर आपण रस्त्यावर आलो असतो. हे मृत्यू एकेका घरात, एकेका मोरीत, एकेका शेतात होतात, म्हणून त्यांची बातमी चार ओळींची असते आणि ‘ज्याची वेळ आली तो गेला’ म्हणून आपण मोकळे होतो. उंट बांधण्याची हदीस आपण मुलांना सांगतो. भरवसा ठेवण्याआधी आपल्या हातातलं काम पुरं करायचं, हा तिचा साधा अर्थ. तापलेला बोर्ड पाहून ‘अल्लाह मालिक’ म्हणणं हे त्या शिकवणीच्या उलट आहे.

कायदाही याबाबत गप्प नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार वायरिंगचं काम राज्याचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, पात्र पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करायचं असतं. दिवा, पंखा, स्विच, फ्यूज बदलण्यासारख्या किरकोळ कामांना सूट आहे, पण त्याने जोडणीची क्षमता किंवा स्वरूप बदलत नसेल तरच. सोळाच्या जागी बत्तीस लावणं त्या सुटीत बसत नाही. मी त्या इलेक्ट्रिशियन मुलाला एकट्याला दोष देत नाही. त्याला कुणी धड शिकवलं नव्हतं आणि आम्ही त्याच्याकडे जे मागितलं तेच त्याने दिलं. आयटीआयचा वीजतंत्री अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. आपल्या वस्तीतली किती मुलं तो पूर्ण करतात आणि किती जण कुणाच्या तरी हाताखाली राहून सहा महिन्यांत ‘मिस्त्री’ होतात, हे प्रत्येक जमातीने एकदा मोजावं. आणि मुलींची नावं त्या यादीत किती आहेत, तेही.

मुलींचा विषय इथे मुद्दाम काढते. घरातली बहुतेक विजेची उपकरणं बाई वापरते, ओल्या हातांनी तीच बटणं दाबते, दुपारी घरी तीच असते. बोर्ड मात्र दाराच्या वर, स्टुलाशिवाय हात पोचणार नाही असा, आणि ‘तू हात लावू नकोस’ ही ताकीद कायमची. खालाला मेन कुठे आहे हे ठाऊक होतं म्हणून घर वाचलं. वाचणाऱ्या प्रत्येकीने आज मेन शोधावा, कुठला खटका कुठल्या खोलीचा हे चिठ्ठीवर लिहून तिथे चिकटवावं. नवीन घर बांधत असाल तर बोर्ड खांद्याच्या उंचीवर घ्या.

भाड्याने खोल्या देणाऱ्यांनाही दोन शब्द. एका मीटरवर पाच-सहा खोल्या, बाहेरून कामाला आलेली पोरं, प्रत्येक खोलीत एक शेगडी आणि सगळ्यांना मिळून एक उघडी वायर, हे चित्र नेरळ-कर्जतपासून खोपोलीच्या कारखान्यांपर्यंत दिसतं. भाडं घेणाऱ्यावर त्या पोरांच्या जिवाची जबाबदारी आहे. मशिदी आणि मदरशांच्या विश्वस्तांवरही आहे. वजूखान्यातली मोटार, पाण्याचा कूलर, उरुसाच्या आणि मिलादच्या रोषणाईच्या माळा, ओल्या फरशीवरून गेलेली माइकची वायर, ही सगळी ठिकाणं अशी आहेत जिथे माणसं अनवाणी आणि ओल्या पायांनी उभी असतात. तिथे आरसीसीबी नसणं याला माफी नाही. झुंबराची वर्गणी निघते, तर या खटक्याचीही निघू शकते. एखाद्या जुम्म्याला नमाजनंतर पाच मिनिटं या विषयाला द्यावीत, अशी माझी सगळ्या इमामांना आणि विश्वस्तांना विनंती आहे.

शेवटी एक गोष्ट, जी या चळवळीच्या वाचकांना नवी नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधानभवनावर नेला, तेव्हा समाजातल्या अनेकांना त्या सात जणींचाच राग आला. तोंडी तलाकने मोडलेल्या घरांबद्दल मात्र तेवढी चर्चा झाली नाही. सांगणाऱ्याला गप्प केलं की दुखणं संपलं, ही समजूत जुनी आहे आणि ती कुठल्या एका समाजाची मक्तेदारी नाही. संविधानाच्या कलम ५१-क मध्ये वैज्ञानिक दृष्टिकोन, मानवता, शोधक वृत्ती आणि सुधारणेची ओढ वाढवणं हे नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. ते मोठमोठ्या वादांत आपण सांगतोच. ते खरं होतं की नाही हे मात्र दारावरच्या बोर्डापाशी, स्टुलावर उभं राहून ठरतं.

खालाच्या घरी मी परवा गेले होते. बोर्डावर तिने वहीचं पान चिकटवलंय. त्यावर नातीच्या अक्षरात खोल्यांची नावं आहेत आणि खाली लिहिलंय: ‘महिन्याची पहिली तारीख, टी बटण.’ ते बटण नातच दाबते. घरात क्षणभर अंधार होतो आणि कुणी वैतागत नाही.

तुमच्याही घरात आज ते बटण दाबून पाहा. बटणच नसेल, तर या महिन्याच्या खर्चात सगळ्यात आधी त्याचं नाव लिहा.